मातीचा पैलवान गादीवर

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा ओलांडली की खंडाळा तालुका लागतो. शिरवळ, लोणंद, खुद्द खंडाळा, मग खंबाटकीपलीकडे वाई, सातारा, कराड आणि त्याच्याही खाली सांगली जिल्ह्यातले वाळवा, पलूस, शिराळा. या सगळ्या पट्ट्यात जत्रांच्या दिवसांत कुस्त्यांचे फड भरतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि दिवस कलताना हलगीच्या कडकडाटात मोठ्या इनामाची जोड लागते. या फडात जो पोरगा घडतो तो मातीत घडतो. पुढे देशाच्या आणि देशाबाहेरच्या स्पर्धा लढायच्या तर त्याला गादीवर यावे लागते, कारण तिथली कुस्ती गादीवरच चालते. दहा-बारा वर्षे मातीत मेहनत केलेला पैलवान पहिल्यांदा गादीवर उभा राहतो तेव्हा त्याला नवशिका म्हणावे की जाणता? त्याला नव्याने सगळे शिकवावे, की त्याला सगळे येतेच असे धरून सोडून द्यावे? या प्रकरणात मला जे मांडायचे आहे ते असे: जाणत्या माणसाने आपल्या विद्येची भावंडविद्या शिकायला घेतली की त्याची जाण त्याच्याबरोबर येते आणि त्याची सवय त्याच्या आड येते. जाण आणि सवय एकाच मेहनतीतून तयार झालेल्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींपासून सुट्या करायला वेळ लागतो. तो वेळ मिळण्याची सोय कोणी केली आहे की नाही, यावर पुढचे बरेचसे यश ठरते.

हा प्रश्न कुस्तीपुरता नाही. त्याचे फार स्वच्छ उदाहरण बर्फावरच्या खेळांत सापडते. आपल्याकडे गुलमर्ग आणि औली इथे लोक स्की करायला जातात. स्कीमध्ये दोन पायांना दोन लांब पट्ट्या असतात, दोन्ही पाय पुढच्या दिशेने, हातात दोन काठ्या. स्नोबोर्डमध्ये एकच रुंद फळी असते आणि दोन्ही पाय तिच्यावर आडवे जखडलेले असतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगॉन गावी १९६५ साली शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणे केले, तिथून या फळीचा प्रवास सुरू झाला आणि १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ती पोहोचली. म्हणजे जन्मानेच ही स्कीची धाकटी बहीण. तरीही वर्षानुवर्षे उभे कडे स्कीवरून उतरणारा माणूस बोर्डावर उभा राहतो तेव्हा लहान मुलांच्या उतारावर धडाधड पडतो. याची कारणे अगदी ठोस आहेत. स्कीवाल्याची छाती उताराकडे असते. बोर्डावर खांदा उताराकडे असायला हवा. सवयीने तो छाती फिरवतो, त्याबरोबर कंबर फिरते आणि फळीचा मागचा भाग भलतीकडे घसरतो. स्कीवर तोल गेला तर एक पाय सुटा टाकून सावरता येते. बोर्डावर पाय बांधलेले आहेत. स्कीची नवशिकी मंडळी दोन्ही पट्ट्यांची टोके जवळ आणून वेग मारतात. एका फळीला ते शक्यच नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे फळी आडवी घसरत असताना ती सपाट झाली की उताराकडची कड बर्फात रुतते आणि माणूस क्षणात आडवा आपटतो. स्कीवर संथ सरकताना पट्ट्या सपाट ठेवल्या तर काही बिघडत नाही. तीच निवांत सवय बोर्डावर त्याला पाडते.

दुखापतींकडे पाहिले तरी हा फरक दिसतो. स्की करणाऱ्यांचे गुडघे जातात, कारण लांब पट्टी पायाला पिळते. नव्या स्नोबोर्डवाल्याचे मनगट मोडते, कारण बांधलेल्या पायांनी पडताना तो हात पुढे टाकतो. डोंगर एक, बर्फ एक, पण शरीरावर येणारा भार निराळ्या सांध्यांवर. मात्र याच पडझडीत दुसरी गोष्टही घडत असते. कोरा नवशिका वेगाला घाबरतो, स्कीवाला घाबरत नाही. कुठे बर्फ काचेसारखा कडक झाला आहे आणि कुठे उन्हाने भुसभुशीत, हे त्याला लांबून कळते. पायाखाली न बघता पुढे बघायचे हे त्याला सांगावे लागत नाही. कड तिरकी केली की पट्टी आपोआप कमानीत वळते, हे तत्त्व त्याला अंगाने माहीत असते. त्यामुळे सुरुवातीला तो कोऱ्या नवशिक्याइतकाच पडतो, कधी त्याहून जास्त; पण एकदा छाती फिरवण्याची खोड सुटली की त्याची प्रगती कोऱ्या माणसाला न जमणाऱ्या वेगाने होते.

आता मातीकडे वळू. तालमीचा हौदा म्हणजे नुसती माती नसते. लाल माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती वर्षानुवर्षे घोळलेली असते. तिच्यात अनवाणी पाय किंचित रुततो आणि बोटे जमीन धरतात. खडाखडी चालू असताना पैलवान मूठभर माती प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकतो, म्हणजे घामाने निसटणारी पकड बसते. जांघिया धरून ओढायला मुभा असते. जुन्या रिवाजात वेळेची मर्यादा नसते, गुणही नसतात. पाठ लागली की निकाल, नाहीतर पंच बरोबरीत सोडवतात. गादीवर यातले जवळजवळ काहीच उरत नाही. पायात बूट असतात आणि बूट गादीला चिकटतो, म्हणून पाऊल झटक्यात पडते आणि झटक्यात उचलावे लागते. पोशाख धरला की नियमभंग. आजच्या नियमांत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद विश्रांती, नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, बाहेर पाय पडला की प्रतिस्पर्ध्याला एक गुण, खाली घेऊन कब्जा मिळवला की दोन गुण, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते.

यात एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. मातीवर प्रतिस्पर्ध्याने कब्जा घेतला की खालचा पैलवान पोटावर पसरतो, कोपरे अंगाला आवळतो, हनुवटी छातीत दाबतो आणि जमिनीला चिकटून बसतो. वरचा घिस्सा मारायला बघतो, मान दाबतो, दमतो. खालच्याला घाई नसते, कारण पाठ लागेपर्यंत त्याचे काहीच गेलेले नसते. उलट वरच्याचा दम निघाला की उसळी मारून निसटता येते. हा शहाणपणाचा बचाव आहे आणि वस्ताद तो पोराच्या अंगी मुरवतात. तोच पैलवान गादीवर तसाच पसरला की वरचा त्याच्या कमरेला मिठी घालतो आणि भारंदाज लावतो. एक लोळण, दोन गुण. दुसरी लोळण, आणखी दोन. पाठ पूर्ण टेकण्याची गरजच नाही, ती गादीकडे वळली एवढे पुरे. अर्ध्या मिनिटात कुस्ती हातची जाते आणि खालच्याला वाटत असते की आपण अजून नीट बचावात आहोत. त्याच्या तयारीत काही कमी नव्हते. जी गोष्ट त्याने सर्वांत चांगली शिकली होती तिनेच त्याला हरवले.

हे दोन खेळ शेजारी ठेवण्याचे कारण आता सांगतो. स्कीवरून बोर्डावर जाणाऱ्याची जमीन तीच राहते आणि साधन बदलते. मातीतून गादीवर येणाऱ्याचे साधन, म्हणजे त्याचे शरीर आणि समोरच्याचे शरीर, तेच राहते आणि जमीन बदलते. बदल उलट्या दिशांचे आहेत, परिणाम मात्र एकसारखा दिसतो. जे बदलले नाही त्याच्याविषयीची जाण शाबूत राहते: स्कीवाल्याला बर्फ कळत राहतो, पैलवानाला समोरच्याच्या खांद्यातला ताण, वजन कोणत्या पायावर आहे, दम कधी निघाला हे कळत राहते. जे बदलले त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी अंगाने ज्या बारीक खोडी लावून घेतल्या होत्या, त्या उलटतात. दोन्हीकडे एकच भेदरेषा मिळत असेल, तर ती केवळ बर्फाची किंवा केवळ मातीची गंमत नसावी, असे मानायला जागा आहे.

शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांत या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये असे मांडले की एका कामातले कौशल्य दुसऱ्या कामात तेवढेच उतरते जेवढे दोन्हींतले घटक सारखे असतील. बुद्धीला किंवा अंगाला सरसकट धार वगैरे येत नाही. १९०८ मध्ये चार्ल्स जड यांनी याला एक सुंदर जोड दिली. त्यांनी मुलांना पाण्याखाली ठेवलेल्या लक्ष्यावर छोटे बाण मारायला लावले. एका गटाला आधी समजावून दिले की पाण्यात किरण वाकतात, म्हणून वस्तू दिसते तिथे नसते. पहिल्या खोलीवर दोन्ही गट सारखेच चुकले आणि सारखेच सुधारले. मग लक्ष्याची खोली बदलली. ज्यांनी नुसता सराव केला होता ते गोंधळले, कारण त्यांचा हात जुन्या खोलीला बांधला गेला होता. ज्यांना कारण माहीत होते ते लवकर जुळवून घेऊ शकले. मला या प्रयोगात आपल्या पैलवानाचा प्रश्न जसाच्या तसा दिसतो. सरावाने सुधारणा होतेच, पण त्या सरावातले काय पुढे चालेल हे परिस्थिती बदलेपर्यंत बाहेरून कळत नाही. मॉस्कोत १९२० च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन यांनी घणाचे घाव घालणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली टिपल्या तेव्हा असेच काही आढळले: घाव दर वेळी नेमक्या जागी बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. खरा कसबी माणूस एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत नसतो, तो एकच काम पुन्हा पुन्हा नव्याने सोडवत असतो. ज्याची मेहनत अशी झाली असेल त्याला नवी जमीन कमी जड जाते, ज्याने फक्त साचा गिरवला त्याला जास्त.

या सगळ्याची आपल्या मुलखातली सर्वांत मोठी कसोटी म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव, जन्म १५ जानेवारी १९२६, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, फ्लायवेट गटात. गादीवरची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची कुस्ती त्यांच्यासाठी नवी होती. रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना मार्गदर्शन केले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवले, इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि सहावे आले. त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी वरच्या वजनगटासाठी तयारी केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कॅनडाच्या ॲड्रियन पॉलिक्विनला आणि मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला हरवून ते पुढे गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले हे पहिले वैयक्तिक पदक. त्यांचा हुकमी डाव होता ढाक: प्रतिस्पर्ध्याचे डोके बगलेत आवळून, अंग वळवून त्याला जमिनीवर फेकणे. हा डाव मातीचाच, पण त्याची सगळी भिस्त समोरच्याच्या मानेवर आणि त्याच्या तोलावर आहे. पायाखाली काय आहे यावर तुलनेने कमी. तो गादीवर टिकला यात मला नवल वाटत नाही.

यावर शंका घेणारा म्हणेल की सहाव्या स्थानावरून तिसऱ्या स्थानावर येण्याचे श्रेय गादीच्या सरावाला कशावरून? १९४८ मध्ये खाशाबा बावीस वर्षांचे होते, १९५२ मध्ये सव्वीस. वय भरले, अंग भरले, वजनगट बदलला. शिवाय एका असामान्य माणसावरून नियम काढता येत नाही. शंका योग्य आहे. चार वर्षांतल्या सुधारणेतला कोणता वाटा कशाचा हे आज कोणालाच मोजून सांगता येणार नाही. पण एकच माणूस होता हे म्हणणे खरे नाही. त्याच हेलसिंकीत फेदरवेट गटात कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. आशियाई स्पर्धा म्हणजे ऑलिंपिक नव्हे आणि जड वजनात तेव्हा स्पर्धकही थोडे, हे मान्य. तरीही आंदळकरांच्या सुवर्णाकडे थांबून पाहावे असे मला वाटते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायला मनाई असते आणि डावात पायाचा वापरही करता येत नाही. पट नाही, टांग नाही. म्हणजे मातीच्या पैलवानाची अर्धी शिदोरी काढून घेतलेली. उरते ती मान, खांदा, छाती, मिठी आणि समोरच्याचे वजन ओळखण्याची जाण. पायाखालच्या जमिनीशी ज्याचा संबंध सर्वांत कमी, तोच भाग. त्यात मातीत घडलेला माणूस आशियात पहिला यावा, हे वर मांडलेल्या तर्काशी जुळते.

उलट दिशेचा पुरावाही आहे, आणि तो थोडा गुंतागुंतीचा आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को यांची कुस्ती झाली. अडीच तासांहून अधिक चालली. झ्बिश्को बहुतेक वेळ गादीवर पोटावर पडून राहिला आणि गामाला त्याला उलटता आले नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दुसऱ्या लढतीला झ्बिश्को आलाच नाही. मग जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला, मातीच्या आखाड्यात, हे दोघे पुन्हा भिडले आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. माणसे तीच, जमीन वेगळी, निकाल अडीच तासांवरून एका मिनिटावर. मोह होतो की सगळे श्रेय मातीला द्यावे. पण दोन्ही लढतींमध्ये सतरा वर्षांहून अधिक काळ गेला होता, दोघेही पन्नाशीच्या आसपास पोहोचले होते आणि वय दोघांवर सारखे बसत नाही. तेव्हा यातून एवढेच घ्यावे की ओळखीच्या मातीवर गामाला निकाल काढता आला, आणि १९१० मध्ये परक्या गादीवर निकाल निघाला नाही तरी तिथेही गामाला कोणी धोक्यात आणू शकले नाही. निकाली काढणारे डाव नव्या जमिनीवर अडले. समोरच्याला ओळखण्याची आणि स्वतःला जपण्याची विद्या अडली नाही.

मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो तो मात्र हेलसिंकीचाच दुसरा पैलवान. बँटमवेटचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने जिंकले. खाशाबांची त्याच्याशी लांबलचक लढत झाली, ती ते हरले, आणि लगेच पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढावे लागले. हा इशी मुळात ज्युदोचा माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाने जपानात ज्युदोवर बंदी घातली म्हणून तो कुस्तीकडे वळला. ज्युदोत जाड कापडाचा अंगरखा असतो आणि सगळ्या पकडी त्याच्या कॉलरला आणि बाहीला. कुस्तीत अंग उघडे, धरायला कापडच नाही. म्हणजे खाशाबांच्या समोर उभा होता तोही दुसऱ्या विद्येतून आलेलाच. एक मातीतून, दुसरा ज्युदोच्या चटईवरून. भावंडविद्येतून आलेला माणूस जगात पहिला येऊ शकतो याला यापेक्षा चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

पण दोघांच्या मागे जे होते ते सारखे नव्हते. जपानमध्ये इचिरो हात्ता या ज्युदोपटूने १९३२ मध्येच कुस्तीची संघटना उभी केली होती. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला जपानचे जे कुस्तीगीर उतरले त्यांत स्वतः हात्ताही होता; पदक एकालाही मिळाले नाही. ज्युदो येते म्हणजे कुस्ती येईल, हा समज तिथे मोडला. त्यानंतरची वीस वर्षे, मधले युद्ध धरून, त्यांनी या स्थित्यंतराची यंत्रणा बसवली, आणि १९५२ मध्ये इशीच्या सुवर्णाबरोबर फ्लायवेटमध्ये युशू किटानोचे रौप्यही आले. इशीचे ते जपानच्या कुस्तीतले पहिले ऑलिंपिक सुवर्ण. पुढे ओघ थांबला नाही. आपल्याकडे त्याच हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण ठेवावे लागले. आणि कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक, सुशीलकुमारचे कांस्य, २००८ साली आले. छप्पन्न वर्षे. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या तालमींत या छप्पन्न वर्षांत जाणते पैलवान कमी झाले नव्हते. कमी होती ती गादी, आणि गादीवर जुनी सवय सोडवून घेणारा माणूस.

इथे कोणी म्हणेल की हा तर पैशाचा प्रश्न झाला, शिकण्याच्या तत्त्वाचा नाही. खुराक, प्रवास, वैद्यकीय मदत, परदेशी सराव, हे सगळे कमी होते आणि निव्वळ गादी आणून पदके आली नसती. हे मला पटते. पण गादीवरचा वेळ हीच तर पैशाने मिळणारी गोष्ट आहे, आणि पैसा थोडा असताना तो कशावर आधी खर्चावा हे तत्त्वावरूनच ठरते. पैलवानाला सगळे येतेच असे मानणारा आयोजक त्याला स्पर्धेच्या आधी काही दिवस गादी दाखवतो. त्याची सवय आड येणार हे ओळखणारा आयोजक त्याला दोन-तीन वर्षे आधी गादीवर आणतो.

यापेक्षा जड आक्षेप दुसरा आहे: सवय अशी आड येणार असेल तर मुळात मातीत घालवायचे कशाला, पोरांना पहिल्या दिवसापासून गादीच द्यावी. याला आधार म्हणून कोणी एस्टर लेडेत्स्काचे नाव घेईल. २०१८ मध्ये प्योंगचांगला या चेक मुलीने १७ फेब्रुवारीला स्कीच्या सुपर-जीमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्ण जिंकले आणि २४ फेब्रुवारीला स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लालममध्येही. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन वेगळ्या खेळांत सुवर्ण मिळवणारी ती पहिलीच महिला. तिला सवय आड आली नाही, मग हा सगळा तर्क कोलमडतो का? मला वाटते, उलट तिच्यामुळे तो नेमका होतो. ती मोठेपणी स्कीवरून बोर्डावर गेलेली नाही. लहानपणापासून दोन्ही शिकली आणि दोन्हींचे प्रशिक्षक वेगळे ठेवले. पायात काय बांधले आहे यावरून अंगाने कोणती हालचाल काढायची हे तिच्या शरीराला लहान वयातच वेगवेगळे कळले. म्हणजे दोन सवयी एका अंगात सुखाने राहू शकतात. अट एवढीच की दुसरी घडायला पहिलीइतकीच संधी मिळाली पाहिजे. तिच्या उदाहरणावरून स्की सोडा असा सल्ला निघत नाही, तसा माती सोडा असाही निघत नाही.

माती ठेवण्याची माझी बाजू जत्रेच्या प्रेमापोटी आहे असेही कोणी म्हणेल. ते प्रेम आहेच, ते लपवायचे कारण नाही. पण त्याशिवायही कारण आहे. मातीत हालचाल जड जाते, पकड लांबते, कुस्ती घड्याळावर संपत नाही. त्यामुळे समोरच्याचे अंग वाचायला भरपूर वेळ मिळतो, आणि खालून उसळी मारण्याची ताकद व दम येतो. गादीवर पहिल्या दिवसापासून गुण मोजत लढणाऱ्या पोराला हे वाचन शिकायला फुरसत कमी. जी जाण पुढे गादीवर उपयोगी पडते ती मातीत चांगली पिकते, असे वरच्या सगळ्या नावांवरून दिसते. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून दोन्हींच्या विजेत्यांना शेवटी एकमेकांसमोर आणण्याची जी पद्धत आहे, ती या दृष्टीने मला शहाणपणाची वाटते. २०२२ मध्ये ती स्पर्धा साताऱ्यात झाली तेव्हा गादीचा पृथ्वीराज पाटील आणि मातीचा विशाल बनकर यांची अंतिम लढत ५-४ अशा एका गुणाने सुटली. उणीव आहे ती दोन विभागांमधल्या वाटेची.

ती वाट कशी असावी याचे उत्तर जडच्या बाणांतून आणि बर्फावरच्या शिक्षकांकडून बरेचसे मिळते. चांगला स्नोबोर्ड शिक्षक स्कीवाल्याला कोऱ्या नवशिक्यांच्या रांगेत उभा करत नाही. वेग, बर्फ, नजर यांचे धडे तो सोडून देतो आणि सगळा वेळ दोनच गोष्टींवर घालवतो: खांदा उताराकडे, आणि फळी सपाट होऊ द्यायची नाही. तेही कारण सांगून, कारण जाणत्या माणसाला कारण पचते. मातीच्या पैलवानालाही गादीवर पहिल्या महिन्यात नवे डाव शिकवू नयेत. त्याच्या अंगातल्या नेमक्या कोणत्या खोडी इथे गुण घालवतात ते आधी शोधावे: पोटावर पसरणे, जांघियाला हात जाणे, वर्तुळाची कड विसरणे, पहिली काही मिनिटे निवांत खडाखडीत घालवणे. यातली एकेक निवडून, तीन मिनिटांच्या छोट्या लढतींत, तीच परिस्थिती पुन्हा पुन्हा उभी करावी. खालच्याने पसरायचे नाही, लगेच गुडघ्यावर येऊन उठायचे, एवढाच एक धडा आठवडाभर. भारंदाज का बसतो आणि पाठ किती अंशांत वळली की गुण जातात हे त्याला तोंडाने समजावून द्यावे. मातीतला वस्ताद बहुधा करून दाखवतो, बोलून सांगत नाही, आणि ते मातीत पुरतेही. गादीचा शिक्षक शक्यतो वेगळा माणूस असावा आणि गादीचे दिवस वेगळे, बूट घालूनच, म्हणजे कुठे काय करायचे याची खूण अंगाला पायापासूनच पटेल. बारा-तेरा वर्षांच्या पोरांसाठी खंडाळ्यासारख्या तालुक्यात दर तालमीला स्वतंत्र गादी परवडणार नाही. शिरवळ, खंडाळा आणि लोणंद अशा तीन ठिकाणी तीन गाद्या आणि आठवड्यातले दोन दिवस पाळीपाळीने सगळ्या गावांच्या पोरांना, उरलेले दिवस आपापल्या हौद्यात, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.